बारा जुलैपर्यंत

टपालाचा कप्पा रिकामा होता. गेझिने वोलराबने तरीही आत हात घातला, मागच्या पत्र्याला बोटं टेकेपर्यंत.

“कागद पातळ असतो, पण इतकाही नाही,” काचेमागून कुबित्सबाई म्हणाल्या. थिएटरच्या मागच्या दारावर त्या एकोणीस वर्षं बसत होत्या. किल्ल्या, टपाल आणि लोकांची भांडणं, सगळं त्यांच्याच ताब्यात. “आलं तर मी सांगेनच. पांढरं पाकीट, वर निळा शिक्का. लांबूनच कळतं मला.”

“मी सुट्टीच्या फॉर्मची वाट बघतेय.”

“बघा की. बारा तारखेपर्यंत इथे सगळे फॉर्मचीच वाट बघतात.”

वाइडेनरोडेच्या नगर-थिएटरात गेझिनेचा ड्रामाटुर्ग, म्हणजे नाट्यसल्लागार, म्हणून हा चौदावा हंगाम. पंधरा भरले की माणसाला कोणी हलवू शकत नाही आणि नेमकं म्हणूनच थिएटरं माणसाला चौदाव्या वर्षी घरी पाठवतात. काढलं असं कोणी म्हणत नाही. ‘करार पुढे वाढवत नाही’ असं म्हणतात आणि कारण कायम एकच देतात, कलात्मक. त्याआधी माणसाला बोलावून त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. त्या बोलावण्याचं पत्र यंदा बारा जुलैपर्यंत हातात पडायला हवं. बारा उलटली की बोलावणं बाद, काढणं बाद, आणि माणूस निवृत्तीपर्यंत पक्का. आज तीन तारीख होती.

“नऊ दिवस,” कँटीनमध्ये यॉर्न टेसमर म्हणाला. यॉर्न नट होता आणि कलाकारांचा प्रतिनिधीही. असल्या बोलावण्यांना तो लोकांच्या सोबत जाऊन बसे आणि बहुतेक वेळा हात हलवत परत येई. “नऊ दिवस तोंडाला कुलूप लाव. फाल्कने विचारलं तालीम कशी झाली, छान. हवा कशी आहे, छान. त्याचा तो भयानक शर्ट, तोही छान.”

“माझं कामच त्याला खरं सांगायचं आहे, यॉर्न.”

“तेरा तारखेला सांग ना. त्यापुढे चांगली पंधरा वर्षं सांगत बस, कंटाळा येईपर्यंत. आजवर तुझ्या खरं बोलण्यानं तुझं काय भलं झालंय ते सांग मला.”

तिने सॅलडमधली काकडी बाजूला सारली आणि उठली.

भलं झालं नव्हतंच. बावन्न वर्षांची गेझिने जर्मनीतल्या पाच गावांत सामान बांधून हिंडली होती. पहिलं थिएटर समुद्राकाठचं. तिथे ती आठवड्याला सहा नाटकं वाचून प्रत्येकावर एक पान लिहायची आणि ते पान कोणी वाचायचं नाही. नवा संचालक आला, त्याने स्वतःचा ड्रामाटुर्ग आणला, गेझिने बाहेर. दुसरीकडे तेच. तिसऱ्या गावात तिने लग्न केलं आणि चौथ्या गावाला निघाली तेव्हा नवरा म्हणाला, तू हो पुढे. तो काही आला नाही. मग फाल्क ट्रेबिंग वाइडेनरोडेचा संचालक झाला आणि त्याने तिला बोलावून घेतलं. तेव्हा ती कोणाच्या तरी जागी आली. र्‍यूल नावाच्या त्या माणसाच्या खोकल्याच्या गोळ्या टेबलाच्या खणात तशाच राहिल्या होत्या. तिने त्या फेकून दिल्या, पण आठवडाभर खण उघडायचं तिच्या जिवावर यायचं.

काम काय करता, असं कोणी विचारलं की ती सांगायची, नाटकं निवडते, कापते, पुस्तिका लिहिते, प्रयोगाआधी प्रेक्षकांशी अर्धा तास बोलते. खरं काम सांगायची नाही. ते म्हणजे तालमीच्या अंधारात बसायचं आणि सगळे छान म्हणत असताना दिग्दर्शकाला सांगायचं की बाबा रे, हे छान नाही. या कामाची कुठे जाहिरात येत नाही. बावन्नाव्या वर्षी तर नाहीच नाही.

त्याच दुपारी नव्या नाटकाची पहिली सलग तालीम होती. नाटक गावातल्या चिनी मातीच्या कारखान्यावर होतं. तो बंद पडून तीस वर्षं उलटली, तरी प्रत्येक घरात त्याचे कप होते आणि प्रत्येक घरात त्याच्याबद्दल राग होता. जुन्या कामगारांशी बोलून, त्यांच्याच शब्दांतून फाल्कने नाटक बांधलं होतं आणि बसवतही तोच होता. बोलायला गेली होती ती मात्र गेझिने.

एल्फ्रीडे हेमान यांच्या स्वयंपाकघरात ती सहा तास बसली होती. हेमानबाई आता अठ्ठ्याहत्तरच्या. चौदाव्या वर्षी कारखान्यात लागल्या आणि पुढे एकतीस वर्षं कपांना सोनेरी कड काढत राहिल्या. कारखाना बंद होतोय असं भोंग्यावरून सांगितलं तेव्हा त्यांच्या फळीवर बेचाळीस कप उरले होते. बाकीच्या बायका रडत, शिव्या देत निघून गेल्या. हेमानबाई बसून राहिल्या आणि त्यांनी बेचाळीसच्या बेचाळीस कपांची कड पुरी केली. भट्टी तोवर विझवली होती. ते कप कधीच भाजले जाणार नव्हते आणि त्यांना ते ठाऊक होतं. “वेडीच होते मी,” असं म्हणून त्या हसल्या होत्या. टेपवर त्या हसण्यानंतर बराच वेळ काही नाही, नुसतं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. गेझिनेने सगळं टाइप केलं, पण घड्याळ कसं टाइप करणार? तिने कंसात ‘हसतात’ असं लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेली.

रंगमंचावर मरायके आली. एकोणतीस वर्षांची, हुशार, जे सांगाल ते करणारी. डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप, नाकावर जाड चष्मा, आणि बोली अशी की बदकालाही लाज वाटावी. ती कपांना कड काढू लागली. मुकादम ओरडतोय, घरी जा, घरी जा, आणि म्हातारी आणखी भरभर रंगवतेय, एकेक कप नाकाला लावून बघतेय, ब्रश चाटतेय. शेवटी प्रेक्षकांकडे वळून, “वेडीच होते मी!” नेपथ्याची मंडळी हसून हसून वाकली. प्रकाशयोजनेचा माणूस टेबलावर थापा मारत होता. फाल्क स्वतः डोळे पुसत होता.

गेझिनेने वहीत एक वाक्य लिहिलं. पहिल्या प्रयोगाला हेमानबाई तिसऱ्या रांगेत बसणार होत्या. तिकीट तिनेच पाठवलं होतं, शेजारणीसाठीही एक.

तालमीनंतर सगळे पहिल्या दोन रांगांत बसले. फाल्क रंगमंचाच्या कडेला पाय सोडून बसला आणि नेहमीप्रमाणे एकेकाला विचारत गेला. ड्रामाटुर्गची पाळी सगळ्यात शेवटी, ही त्याचीच पद्धत होती. तो म्हणायचा, आधी साखर, मग औषध.

“आणि गेझिने?”

ती वहीकडे बघत होती. वहीत एकच वाक्य होतं, ‘तिच्यावर हसतोय आपण.’

“छान,” ती म्हणाली. “दुसऱ्या अंकात लय जरा सैल पडते.”

“एवढंच?”

“आज एवढंच.”

त्याने तिच्याकडे क्षणभर जास्तच पाहिलं. यॉर्नने मागून तिच्या खुर्चीवर हलकेच दोनदा टिचकी मारली, शाबास म्हणून.

पुढचे दिवस तिचा जीव टांगणीला लागला होता. सकाळी कप्पा, दुपारी कप्पा, निघताना कप्पा. रात्री अंथरुणात ती ते बोलणं मनात घोळवायची. फाल्क, तो प्रवेश खोटा आहे. आपण बाईवर हसतोय. ती मूर्ख नव्हती. काम अर्धं टाकणं तिला जमलं नाही, इतकंच. चार वाक्यं होती, नीट होती. सकाळी उठून ती चारही वाक्यं गिळायची आणि तालमीला जायची. आपल्यालाच आपली शिसारी येतेय हे तिला कळत होतं आणि तरी ती मूग गिळून बसत होती. शहराबाहेर तिने भाड्याने बागेचा तुकडा घेतला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा झाडं लावली होती, तीन वर्षांनी फळणारी. इतकी वर्षं कुठे टिकू अशी खात्री तिला आजवर कधी नव्हती.

सात तारखेला हेमानबाईंचा फोन आला.

“मी निळा ड्रेस घालू की करडा? शेजारीण म्हणते निळा. मला तो लग्नाला घालतात तसला वाटतो.”

“निळा घाला, हेमानबाई.”

“आणि माझं काम कोण करतंय? दिसायला बरी आहे ना?”

“खूप चांगली नटी आहे.”

“मग ठीक. मी दोघी भाच्यांनाही सांगितलंय. त्यांना कधी खरंच वाटत नव्हतं त्या बेचाळीस कपांचं. आता बघतील.”

गेझिनेने फोन ठेवला आणि सरळ संचालकाच्या खोलीकडे निघाली. जिना चढली, बोळ ओलांडला, दार समोर आलं. दाराशेजारी कार्मिक विभागाची खोली होती. आत कोणीतरी छापायचं यंत्र चालवत होतं आणि त्यातून एकामागून एक कागद बाहेर पडत होते. ती वळली आणि खाली आली.

नऊ तारखेला फाल्कनेच तिला बोलावलं. जिना चढताना तिने सगळं डोळ्यांपुढे आणलं. आता दार लावेल, पाणी विचारेल, आणि मग म्हणेल, गेझिने, तुला कल्पना असेलच. फाल्कने दार लावलं. पाणी विचारलं.

“आपण एकमेकांना किती वर्षं ओळखतो?”

“चौदा. आणि त्याआधीचं एक नाटक.”

“त्या नाटकाच्या रंगीत तालमीनंतर तू मला काय म्हणाली होतीस आठवतं? म्हणालीस, हे प्रेत आहे, फाल्क, तू त्याला फक्त चांगले कपडे घातलेत. दोन दिवस मी तुझ्याशी बोललो नाही.” तो हसला, पण डोळे हसत नव्हते. “या नाटकाबद्दल काही सांगायचं असेल तर आत्ता सांग. आज-उद्यात अजून सगळं हलवता येईल.”

चार वाक्यं तिच्या जिभेवर होती. आणि तिला वाटलं, हा सापळा आहे. आत्ता बोलले तर हेच कारण होईल. अविश्वास, मतभेद, कलात्मक.

“नाही,” ती म्हणाली. “चांगलं चाललंय.”

“बरं,” फाल्क म्हणाला आणि समोरचे कागद ओढून घेतले.

दहा तारखेला कप्प्यात पांढरं पाकीट होतं. कुबित्सबाई नेमक्या जागेवर नव्हत्या. तिने पाकीट न काढता वाकून पाहिलं. निळा शिक्का दिसत होता. तिने यॉर्नला बोलावून आणलं. यॉर्नने दोन बोटांनी पाकीट ओढलं, उजेडात धरलं आणि फाडलं.

“अभिनंदन,” तो म्हणाला. “आग लागल्यास कोणत्या दाराने पळायचं त्याचं प्रशिक्षण. उपस्थिती सक्तीची.”

ती मागच्या पायरीवर बसली आणि इतकी हसली की रडायलाच लागली. यॉर्न शेजारी बसून राहिला. त्याने विनोद केला नाही.

अकरा गेली. बारा तारखेला ती दिवसभर थिएटरात राहिली, काही काम नसताना. सहा वाजता कुबित्सबाईंनी खिडकीची झडप ओढली.

“काही नाही आलं,” त्या म्हणाल्या. “जा आता घरी. झोपा जरा. तोंड बघा किती उतरलंय.” आणि मग काचेच्या भोकातून त्यांनी तिला एक चॉकलेट दिलं. आजवर त्यांनी कोणाला काही दिल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

तेरा तारखेला, शेवटच्या रंगीत तालमीनंतर, गेझिने रंगमंचावरच फाल्कला गाठून बोलली. चारही वाक्यं, घोटून ठेवली होती तशी. प्रवेश खोटा आहे. आपण बाईवर हसतोय. ती मूर्ख नव्हती. काम अर्धं टाकणं तिला जमलं नाही, इतकंच. आणि वर पाचवं, मरायकेला टोप काढून, साध्या आवाजात, सावकाश ते कप रंगवू दे, नाहीतर प्रवेशच काप.

फाल्क ऐकत होता.

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला. “कधी लक्षात आलं?”

तिने हातातली वही मिटली.

“पहिल्या तालमीला?”

“हो.”

त्याने बोटांवर मोजलं, जसं काही त्याला खरंच मोजायला लागणार होतं. तीन ते तेरा. मग बोट बारावर थांबलं आणि त्याला कळलं. तिला दिसलं त्याला कळताना.

“अच्छा,” तो म्हणाला.

“फाल्क, मी...”

“मे महिन्यात व्यवस्थापकाने तुझ्या बोलावण्याचं पत्र माझ्यापुढे ठेवलं होतं. सही तेवढी बाकी होती. मी म्हटलं, या इमारतीत हो म्हणणारे चाळीस आहेत. नाही म्हणणारी एकच आहे, ती राहू दे.” त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला सोसलं असतं. “चांगलाच भांडलो मी त्याच्याशी.”

“मग आत्ता बदल ना. अजून एक दिवस आहे.”

“तिकडे बघ.”

पडद्यामागे बारा माणसं नेपथ्यातली भट्टी सुटी करत होती, तीन पुरुष उंच, विटांचा भास होईल अशी रंगवलेली. ती उभी करायला सात मिनिटं लागायची आणि तीच सात मिनिटं पडद्यापुढे मरायके कप रंगवायची. ठोकाठोकीचा आवाज हसण्यात बुडून जावा म्हणूनच तर प्रवेश तितका मोठा, तितका गोंगाटाचा केला होता. सावकाश, साध्या आवाजात केला तर मागचा प्रत्येक खिळा ऐकू आला असता. कापला तर लोक सात मिनिटं बंद पडद्याकडे बघत बसले असते.

“नऊ तारखेला सांगितलं असतंस तर भट्टी मध्यंतरात उभी केली असती,” फाल्क म्हणाला. “त्यासाठी सगळा दुसरा अंक उलटा करावा लागतो. दोन दिवसांचं काम आहे. केलं असतं.” त्याने संहिता बंद केली. “मी विचारलं होतं तुला.”

चौदाला संध्याकाळी सहाचा पहिला प्रयोग. त्याआधी फाल्क एकेकाकडे जाऊन रिवाजाप्रमाणे, तोंडाने शुभेच्छा देणं अपशकुनी म्हणून, डाव्या खांद्यावरून तीनदा थू थू करत होता, मिठ्या मारत होता. गेझिनेपाशी आला आणि त्याने तिच्याशी हात मिळवला.

“चांगला होऊ दे प्रयोग,” तो म्हणाला आणि पुढे गेला.

साडेपाचला तिने बाहेरच्या दालनात प्रेक्षकांशी नेहमीचं अर्ध्या तासाचं बोलणं केलं. पहिल्या खुर्चीवर निळ्या ड्रेसमध्ये हेमानबाई, शेजारी शेजारीण, मागे दोन भाच्या. गेझिने कारखान्याबद्दल बोलली, कामाच्या अभिमानाबद्दल बोलली. हेमानबाई मान डोलावत होत्या. तिचे शब्द नीट होते, अगदी पुस्तिकेत छापावेत असे, आणि ते उच्चारताना तिला स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता.

प्रवेश आला. सभागृह हास्याने दणाणलं. गेझिने बाजूच्या दारापाशी उभी होती. तिथून तिसरी रांग दिसत होती. आधी भाच्या हसल्या, मग शेजारीण हसली. हेमानबाईंनी शेजारणीकडे पाहिलं आणि त्याही हसल्या. मग त्यांनी हातातली पुस्तिका मांडीवर ठेवली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या, सातही मिनिटं. पडद्यामागचा एकही खिळा ऐकू आला नाही.

प्रयोग संपला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. लोक पेले घेऊन उभे होते, मरायकेभोवती गर्दी होती. हेमानबाई कोट ठेवायच्या काउंटरपाशी एकट्या होत्या, जॅकेटची बटणं लावत. भाच्या गाडी आणायला गेल्या होत्या.

“लोक खूप हसले,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“चांगली नटी आहे. तुम्ही म्हणालात तशीच.” एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं, त्यांनी ते सोडवलं. “तुम्ही त्यांना सांगितलं असेल ना? तसं नव्हतं म्हणून. तुम्ही बसला होतात सहा तास माझ्याकडे, तुम्हाला ठाऊक होतं.”

हो म्हणून सुटता आलं असतं. ते खोटंही ठरलं नसतं. कालच सांगितलं होतं की.

“सांगितलं,” गेझिने म्हणाली. “पण उशिरा सांगितलं. वेळेत सांगितलं असतं तर त्यांनी बदललं असतं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हेमानबाई. मी नोकरीला घाबरले. बारा तारखेपर्यंत गप्प बसले तर ती कायम राहणार होती.”

हेमानबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या कपाची कड तपासावी तसं, नीट, थोडं जवळ येऊन.

“मग राहिली?”

“राहिली.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या आणि शेवटचं बटण लावलं. “एकीची तरी राहिली.”